ठराव मुंबईत, आग खेड्यात : मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची साडेपंधरा वर्षे

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाचे नाव १८५७ शी जोडलेले आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ मोमिनाबादहून, म्हणजे आजच्या अंबाजोगाईहून, औरंगाबादच्या छावणीत आले होते. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार अशी वार्ता पसरली आणि स्वारांनी जायला नकार दिला. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली. आपल्या अधिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्या मीर फिदा अली या दफेदाराला फाशी झाली, इतर काहींना गोळ्या घातल्या गेल्या आणि काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले. ही शिक्षा ज्या काळ्या चबुतऱ्यावर झाली असे शहर सांगते, तो याच चौकातला.

आज तिथे शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा आहे आणि शेजारून उड्डाणपूल जातो. शहरातील बहुतेक मोर्चांची सुरुवात इथूनच होते. या चौकापासून काही किलोमीटरवर, लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशी, विद्यापीठाचे प्रवेशद्वार आहे. सारे मराठवाडा त्याला नुसते ‘गेट’ म्हणते.

विद्यापीठाच्या परिसरातील गुन्हेगारी आणि सुरक्षितता म्हटले की वसतिगृह, रॅगिंग, रात्रीचे अंधारे रस्ते, फाटकावरचा रखवालदार अशा गोष्टी डोळ्यांपुढे येतात. या गेटच्या इतिहासात तो प्रश्न फार निराळ्या रूपात उभा राहिला. विद्यापीठाच्या नावावरून वाद झाला आणि घरे जळाली ती विद्यापीठापासून शेकडो किलोमीटर दूर. जळालेल्या घरांतील कित्येकांनी ते विद्यापीठ कधी पाहिलेही नव्हते. त्या इतिहासाचा हा धागा.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. निजामी राजवटीत औरंगाबादला उच्च शिक्षणाची सोय म्हणजे उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले इंटरमिजिएट कॉलेज. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्याच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हटले. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. पाहता पाहता ही चळवळ हैदराबादला, उस्मानियाच्या वसतिगृहांत पोहोचली. शेकडो विद्यार्थ्यांची नावे कमी झाली. संस्थानाच्या हद्दीत त्यांना कुठलेच महाविद्यालय घेईना. शेवटी नागपूर विद्यापीठाने दार उघडले आणि त्यांतल्या अनेकांचे शिक्षण वाचले. हे नागपूर लक्षात ठेवण्यासारखे आहे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. दोनच वर्षांनी, जून १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची पायाभरणी झाली. पुढे महाविद्यालयाला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ हे नाव मिळाले. ग्रीक राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्षू नागसेन उत्तरे देतो, अशा पाली ग्रंथावरून घेतलेली ही नावे. एका शिक्षणसंस्थेला याहून नेमके नाव सापडणे कठीण.

खेड्यापाड्यांतून दलित मुले नागसेनवनाच्या वसतिगृहांत येऊ लागली. ज्या गावात पाणवठा वेगळा, देवळाची पायरी वेगळी, त्या गावातला मुलगा शहरात येऊन पदवी घेऊ लागला. त्याच परिसरातून विचार करणारी, लिहिणारी एक पिढी उभी राहिली. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे महत्त्वाचे नियतकालिक याच शहरातून निघाले. सुटीत ही मुले गावी परतत तेव्हा त्यांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे असत आणि बोलण्यात ताठपणा असे. गावातल्या अनेकांना ते खुपत होते. १९७८ समजून घेताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि सं. रा. डोंगरकेरी पहिले कुलगुरू झाले. जुलै १९७७ मध्ये दलित पँथरचे गंगाधर गाडे यांनी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याची मागणी जाहीरपणे मांडली. मराठवाड्यात उच्च शिक्षणाचा पाया ज्यांनी घातला त्यांचे नाव विद्यापीठाला असावे, असा साधा युक्तिवाद होता. समाजवादी आणि पुरोगामी युवक संघटनांतील अनेकांनी तिला पाठिंबा दिला.

विरोधाची बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण ती सारी एका साच्याची नव्हती. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील अग्रणी गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव हे नामांतराच्या विरोधात होते. या दोघांना जातीयवादी म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते खरे चित्र नव्हे. निजामाविरुद्ध लढून मिळवलेली, विकासात सतत मागे पडलेली भूमी म्हणून ‘मराठवाडा’ हा शब्द त्यांना जिवाभावाचा होता. तो शब्द पुसला जाऊ नये, असे त्यांना वाटे. मात्र ज्या जमावांनी पुढे वस्त्या पेटवल्या, त्यांना मुक्तिसंग्रामाची आठवण छळत होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अस्मितेच्या भाषेचा आडोसा त्यांना मिळाला, आणि तो देणाऱ्यांवर त्याची नैतिक जबाबदारी राहतेच.

जाता जाता एक विरोधाभास. ज्या शहरात हा वाद पेटला त्याचे स्वतःचे नाव कधीच स्थिर नव्हते. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवले तेव्हा ते खडकी होते. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, फतेहनगर केले. औरंगजेबाने १६५३ मध्ये औरंगाबाद केले आणि आपल्या काळात ते छत्रपती संभाजीनगर झाले. नाव बदलणे ही या गावाची जुनी रीत. १९७८ मध्ये वादाचे मूळ नाव बदलण्यात नव्हते. कोणाचे नाव द्यायचे, हा खरा वाद होता.

जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटलांचे सरकार पडले आणि शरद पवार पुलोदचे मुख्यमंत्री झाले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. मुंबईत बाके वाजली. मराठवाड्यात त्याच संध्याकाळपासून दंगल सुरू झाली.

आधी शहरे पेटली. महाविद्यालयांच्या गावांत विद्यार्थ्यांच्या कृती समित्या होत्या, त्यांनी बंद पुकारले. दगडफेक झाली, एस.टी.च्या गाड्या फुटल्या, पूल आणि तारा यांची नासधूस झाली. इथपर्यंतचे दृश्य त्या काळातील कोणत्याही विद्यार्थी आंदोलनासारखे होते. चारच वर्षांपूर्वी, १९७४ मध्ये, मराठवाडा विकास आंदोलनात याच प्रदेशातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. पण या वेळी आग शहरात थांबली नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांतील खेड्यांत ती शिरली आणि तिथे तिचे लक्ष्य बदलले. सरकारी मालमत्ता मागे राहिली आणि दलित वस्त्या पुढे आल्या.

घरे जाळली गेली, धान्य आणि भांडी लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले, विहिरी नासवल्या गेल्या. माणसे लेकराबाळांसह रानात लपली. सुमारे १,२०० खेड्यांना या हिंसेची झळ पोहोचली, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावात ४ ऑगस्ट १९७८ रोजी पोचिराम कांबळे यांची जमावाने अत्यंत क्रूरपणे हत्या केली. पोचिराम हे मातंग समाजातील होते. ‘नामांतर म्हणजे एका जातीचा हट्ट’ असा प्रचार तेव्हाही होत होता आणि आजही अधूनमधून होतो. त्याला टेंभुर्णीइतके ठसठशीत उत्तर दुसरे नाही.

टेंभुर्णीपासून औरंगाबादचे गेट अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर. मग विद्यापीठाच्या नावासाठी टेंभुर्णीत माणूस का मारला जातो? दंगलीनंतर ‘अत्याचार विरोधी समिती’ गावोगाव फिरली आणि तिने अहवाल तयार केला. अशा पाहण्यांतून आणि त्या काळच्या अभ्यासांतून पुढे येणारे कारण विद्यापीठाशी फारसे निगडित नाही. धर्मांतरानंतर बौद्धांनी मेलेली ढोरे ओढण्यासारखी गावकीची कामे सोडली होती. १९५३ पासून मराठवाड्यात भूमिहीनांचे सत्याग्रह चालू होते आणि गायरानाच्या पडीक जमिनी कसून दलित कुटुंबे स्वतःच्या पायावर उभी राहू पाहत होती. कोणाला मजुरी वाढवून हवी होती. कोणाचा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकून कारकून किंवा मास्तर झाला होता. गावातील प्रबळांचा राग या साऱ्यांवर साठला होता. ठरावाने त्या रागाला एक निमित्त आणि एक तारीख दिली. विद्यापीठाच्या नावाने गावातले जुने हिशेब चुकते केले गेले.

जगाच्या इतिहासात विद्यापीठावरून उसळलेल्या हिंसेची उदाहरणे आहेत. १९६२ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात जेम्स मेरेडिथ या एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा प्रवेश रोखण्यासाठी गोऱ्या जमावाने रात्रभर धुडगूस घातला. त्यात दोघांचा जीव गेला आणि अध्यक्ष केनेडी यांना सैन्य पाठवावे लागले. ज्या संघटनेने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, त्या दलित पँथरच्या तरुणांना हा इतिहास परका नव्हता. मात्र दोन्हींत एक मोठा फरक आहे. मिसिसिपीत जमाव विद्यापीठाच्या आवारात जमला होता, त्यामुळे सैन्य कुठे पाठवायचे हे सरकारला ठाऊक होते. मराठवाड्यात आवार शाबूत राहिले आणि हल्ला शेकडो गावकुसांबाहेर झाला. पोलीस ठाणे दूर, रस्ता पावसाळ्यात चिखलाचा, गावचा पाटील बहुधा जमावाच्याच नात्यातला. गेटवर कितीही बंदोबस्त ठेवला असता तरी टेंभुर्णीचा माणूस वाचला नसता.

कायद्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा १९७६ मध्ये सुधारून ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ झाला होता. त्याचा भर पाणवठा, देऊळ, हॉटेल, दुकान यांत मज्जाव करण्याच्या गुन्ह्यांवर होता. वस्तीच्या वस्ती जाळणाऱ्या जमावासाठी उरली ती भारतीय दंड संहितेतील दंगल, जाळपोळ आणि खुनाची कलमे. ती कलमे जात पाहत नाहीत. एरवी हा गुणच, पण जिथे गुन्ह्याचे एकमेव कारण जात आहे तिथे त्यांना गुन्ह्याचा गाभाच दिसत नव्हता.

दंगलीनंतर सरकारने अंमलबजावणी थांबवली. विधिमंडळाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. विद्यापीठाचे नाव कायद्यात असते आणि तो बदलल्याशिवाय पाटी बदलत नाही. ठराव आणि कायदा यांच्यातील ही फट साडेपंधरा वर्षे उघडी राहिली.

त्या फटीत पहिले मोठे पाऊल पडले ते नागपूरहून. ११ नोव्हेंबर १९७९ रोजी प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे ‘लाँग मार्च’ निघाला. ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, औरंगाबादला पोहोचायचे होते. एकेचाळीस वर्षांपूर्वी औरंगाबादहून हाकललेली मुले ज्या नागपुरात शिकायला गेली, त्याच नागपूरची माणसे आता औरंगाबादच्या विद्यापीठासाठी चालत येत होती. बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णा नदीच्या पुलावर पोलिसांनी मार्च अडवला, लाठ्या चालवल्या आणि धरपकड केली. शांतपणे चालणाऱ्यांना पुलावर अडवायला पुरेसे पोलीस होते. सोळा महिन्यांपूर्वी गावागावांत ते का नव्हते, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणी दिले नाही.

पुढे मुख्यमंत्री येत गेले आणि जात राहिले. अंतुले, बाबासाहेब भोसले, पुन्हा वसंतदादा, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण, पुन्हा पवार, मग सुधाकरराव नाईक. यांतले निलंगेकर आणि चव्हाण खुद्द मराठवाड्याचे. पण १९७८ च्या आगीची धास्ती प्रत्येकाला होती. ‘कायदा आणि सुव्यवस्था बिघडेल’ हे कारण दर वेळी पुढे आले. म्हणजे ज्यांनी घरे जाळली त्यांच्या पुढच्या संभाव्य गुन्ह्याचा धाक हाच धोरणाचा आधार बनला, आणि ज्यांची घरे जळाली त्यांना थांबायला सांगितले गेले.

दरम्यान आंदोलन चालूच होते. सत्याग्रह, तुरुंग, मोर्चे, पुन्हा तुरुंग. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे या कार्यकर्त्याने नामांतरासाठी आत्मदहन केले. महाराष्ट्र हादरला.

१४ जानेवारी १९९४. इतिहासप्रेमी मराठी माणसाला १४ जानेवारी म्हटले की पानिपत आठवते. मराठवाड्यातील लाखो घरांत मात्र ही तारीख दुसऱ्या कारणाने पाठ आहे. त्या दिवशी मुख्यमंत्री शरद पवारांच्या सरकारने विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ केले. ‘मराठवाडा’ राहिला आणि बाबासाहेबही आले. म्हणून याला नामांतराऐवजी ‘नामविस्तार’ म्हटले जाते. नांदेड, परभणी आणि लातूर या जिल्ह्यांसाठी नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले आणि त्याला मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले. १७ सप्टेंबर १९९४, म्हणजे मुक्तिदिनाची तारीख, त्याच्या स्थापनेसाठी निवडली गेली. तडजोड होती, पण तिच्यात दोन्ही स्मृतींना जागा होती. शिवसेनेचा या निर्णयालाही विरोध होता आणि त्या जानेवारीतही मराठवाड्यात काही ठिकाणी दलितांवर हल्ले झाले. मात्र १९७८ ची पुनरावृत्ती झाली नाही. दंगलीच्या भयाने अडवून धरलेला निर्णय घेतला गेला आणि राज्य उभे राहिले.

या साडेपंधरा वर्षांत देशाचा कायदाही बदलला होता. १९७७ चे बिहारमधील बेलछी, १९७८ चा मराठवाडा, १९८५ चे आंध्रातील कारमचेडू अशा घटनांनी जुना कायदा अपुरा असल्याचे दाखवून दिले होते. १९८९ मध्ये संसदेने अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा केला आणि तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. विशेष न्यायालये आली. कर्तव्यात कसूर करणारा सरकारी नोकरही गुन्हेगार ठरू शकतो, ही तरतूद आली. १९७८ च्या पावसाळ्यात रानात लपलेल्या माणसांच्या दृष्टीने हे कलम सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल.

त्या कायद्याचा वाद पुन्हा क्रांती चौकातच येऊन पोहोचला. कोपर्डीतील मुलीवरील अत्याचार आणि हत्येनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा याच चौकातून निघाला. अग्रभागी मुली होत्या. मुलींची सुरक्षितता आणि गुन्हेगारांना शिक्षा ही मागणी सर्वांचीच होती. तिच्याबरोबर आरक्षणाची आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बदलाचीही मागणी होती. म्हणजे १९७८ सारख्या घटनांतून जन्मलेल्या कायद्यावर, त्याच शहरात, दुसऱ्या बाजूने प्रश्न उभा राहिला. पुढे २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील अटकेवर काही अटी घातल्या. तो खटला कराडच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका तक्रारीतून गेला होता, म्हणजे पुन्हा एका शिक्षणसंस्थेतूनच. देशभर निषेध झाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून त्या अटी निष्प्रभ केल्या.

नामविस्तारानंतर दर १४ जानेवारीला गेटसमोर गर्दी लोटते. परभणी, नांदेड, जालना, बीडहून एस.टी. आणि टेम्पो भरून माणसे येतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात, भीमगीते चालतात, म्हाताऱ्या बायका कमानीला हात लावून नमस्कार करतात. त्यांतल्या कित्येकींनी विद्यापीठाच्या आत कधी पाऊल टाकलेले नसते. पोलिसांचा बंदोबस्त आदल्या दिवसापासूनच असतो.